पाहुण्यांची खुर्ची

आमच्या वरच्या मजल्यावर एक गुप्त पोलीस राहतात. आता किती गुप्त म्हणाल, तर इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की शेजारी त्याला आधी पाणी कधी येतं ते सांगतात, मग कचऱ्याची गाडी कधी येते ते, आणि तिसरं हे, की "वरती गुप्त पोलीस आहेत हं, पण माणूस चांगला आहे." त्यांच्या नातीने शाळेत 'माझे आजोबा' या विषयावर निबंध लिहिला. पहिलंच वाक्य होतं, "माझे आजोबा गुप्त आहेत आणि त्यांना गुडघेदुखी आहे."

गावभर त्यांना 'पाहुणे' म्हणतात. हे नाव पडलं पूल बचाव समितीत. आमच्या भागातून पलीकडे जायला कालव्यावर लोखंडी पायपूल आहे. पुलाच्या तोंडाशी मोठं दुकानसंकुल उभं राहिलं आणि नगरपालिकेला अचानक साक्षात्कार झाला, की पूल म्हातारा झालाय, काढून टाकावा. पूल गेला तर शाळा, दवाखाना, लेकीचं घर, सगळ्याला ट्रकच्या रस्त्याने वळसा. म्हणून समिती. आणि समिती म्हटल्यावर साध्या कपड्यांतला एक पोलीस तिथे बसणार, कोण काय बोललं ते वर कळवणार. तेच आमचे पाहुणे.

समितीची सभा वेल्डरच्या कारखान्यात भरते. कारखाना म्हणजे काय, भिंतीला टेकवलेली अर्धवट रंगवलेली फाटकं, खिडक्यांचे गज, आणि ज्यावर बसाल त्यावर लोखंडाचा कीस. वेल्डरने पाहुण्यांसाठी पंख्याजवळ स्वतः एक लोखंडी खुर्ची करून ठेवली होती. पुढे गुडघे दुखतात म्हणून तिला टेकायला हातही जोडले. समितीचे अध्यक्ष मास्तर, म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर, भाषण सुरू करायचे ते "मित्रहो, भगिनींनो आणि पाहुणे" असं. मध्येच पाहुणे हात वर करायचे, "मास्तर, जरा हळू." की मास्तर वर्गात सांगावं तसं सावकाश, स्वल्पविरामासकट सांगायचे. शेवटी हजेरीचा सौदा.

"पाहुणे, दोनशे लिहा."

"चाळीस आहेत, मास्तर."

"बरं, शंभर."

"पन्नास लिहितो. चहा सांगा."

अशी कित्येक वर्षं गुण्यागोविंदाने हेरगिरी चालली. मग पाहुणे निवृत्त झाले. समितीने त्यांना थर्मास दिला. सरकारविरोधी समितीकडून निरोप समारंभ झालेला सरकारी माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पाहुण्यांचे डोळे भरून आले, तेव्हा मास्तर हळूच म्हणाले, "हे वर कळवू नका."

घरी येताना जिन्यात पाहुण्यांनी मला थांबवलं. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे कुणाला काय दिसत नाही याची खबर मला धंद्यानेच असते. पण त्या दिवशी जे ऐकलं ते मात्र मलाही दिसलं नव्हतं.

"आता मी मोकळा झालो," पाहुणे म्हणाले. "समितीत जाणार. सभासद म्हणून. आणि घोषणा देणार."

"तुम्ही?"

"अहो, रोज तो पूल चढून मी लेकीकडे जातो. इतकी वर्षं त्यांची घोषणा लिहून घेतली, हाताने. तोंडाने एकदाही नाही. घशात अडकून बसलीय."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी बाथरूमच्या खिडकीतून आवाज यायला लागला, "पूल आमच्या पायाचा, नाही कुणाच्या बापाचा!" मागोमाग त्यांच्या बायकोचा, "अहो, पेन्शन अजून सुरू व्हायचीय. तोवर घोषणा जरा हळू द्या!" पेन्शनपायी बिचारे थांबले. पेन्शनचं कार्ड हातात आलं की लगेच जायचं, असं ठरलं.

आणि तेवढ्यात तिकडे समितीचं डोकं फिरलं.

झालं असं, की पाहुण्यांच्या जागी कुणी आलंच नाही. पहिल्या सभेला सगळे दाराकडे बघत बसले. वेल्डरने खुर्ची पुसून ठेवली होती. दुसऱ्या सभेला मास्तरांनी वाट बघून भाषण उशिरा सुरू केलं. तिसऱ्या सभेला कुणीतरी म्हणालं, "आता आपल्यावर लक्ष ठेवायची त्यांना गरज वाटत नसेल." मास्तरांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या वहीत भोपळा काढला.

"शक्य नाही! एवढी मोठी चळवळ आणि माणूस नाही? माणूस आहे. फक्त या वेळी दिसणारा नाही." मग आवाज खाली आणून, म्हणजे फक्त रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतका, "तो आपल्यातच बसलाय."

संपलं. जो तो शेजाऱ्याकडे असा बघायला लागला, जसा आपण फुकट मिळालेल्या आंब्याकडे बघतो. कुठून आला? का आला? आतून कसा आहे? वेल्डर बिचारा तापट. म्हणाला, "नगरपालिकेच्या दाराला वेल्डिंगचा एक टाका मारून देतो, बसा म्हणावं आत." यापूर्वी त्याने हे पन्नासदा म्हटलं होतं आणि पन्नासदा लोक हसले होते. या वेळी कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "हे असं भडकवायला कुणी सांगितलंय तुला?" वेल्डर चार दिवस कुणाशी बोलला नाही. मग तर काही सुचवायचीच चोरी. मोर्चा काढू म्हणणारा चिथावणीखोर, काढू नको म्हणणारा फितूर. चहा मागवू या का, असं मी विचारलं, तर मास्तर म्हणाले, "ही कल्पना कुणाची?"

त्यातच एक बेत फुटला. कंत्राटदाराची माणसं मापं घ्यायला येणार होती. त्यांच्या आधी गुपचूप पुलावर जाऊन उभं राहायचं ठरलं. पहाटे जाऊन बघतात तर अडथळे लावलेले आणि पहारेकरी जांभया देत उभा. आता बेत कसा फुटला हे मला ठाऊक होतं. मास्तर फोनवर गुपित सांगायला लागले की बहिरा माणूससुद्धा मान डोलावतो. आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळा बेत माझ्याच दुकानासमोर उभं राहून कुणाला तरी समजावून सांगितला होता, वेळेसकट. मी तसं म्हटलं.

"म्हणजे तुम्ही माझं बोलणं ऐकत होता?" मास्तर म्हणाले.

त्यापुढे मी जिभेला चष्म्याच्या डबीत घालून ठेवलं.

पण संशयाला काही तरी खायला लागतंच. तो स्टुडिओवाल्या ताईंवर जाऊन बसला. ताईंचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात त्या निळ्या पडद्यापुढे बसून मोबाइलवर 'पुलावरून' नावाची बातम्यांची वाहिनी चालवतात. मोठे लोक जे छापत नाहीत ते त्या सांगतात, आणि सांगता सांगता "हनुवटी खाली घ्या" असं पुढच्या गिऱ्हाइकालाही सांगतात. समितीचं म्हणणं चार लोकांपर्यंत गेलं ते त्यांच्यामुळे. आणि आता कुणीतरी बघितलं होतं, की पाहुणे, निवृत्त झालेले पाहुणे, ताईंच्या स्टुडिओतून पाकीट घेऊन बाहेर पडले.

सभा बोलावली. मास्तरांनी सरळ विचारलं, "ताई, पाहुण्यांना पाकीट दिलंत. खरं की खोटं?"

"खरं. फोटो होते."

"कसले?"

"त्यांच्या चेहऱ्याचे. पाकिटात दुसरं काय घालणार, हातपाय?"

कुणी हसलं नाही. "सगळ्या सभा तुमच्या मोबाइलमध्ये आहेत," मास्तर म्हणाले. "समितीला असं वाटतं, की तुम्ही काही दिवस…"

"वाटत असेल तर राहिलं." ताई उठल्या आणि मोबाइलची तिपाई मिटायला लागल्या. एक पाय नेहमीसारखा अडकला. नेहमी तो वेल्डर सोडवून द्यायचा. आज तो जमिनीकडे बघत बसला.

नेमके तेव्हाच पाहुणे दारात. नवा सदरा, भांग पाडलेला, छाती पुढे. सकाळीच पेन्शनचं कार्ड हातात आलं होतं, मला जिन्यात दाखवून झालं होतं. आज सभासद व्हायचं आणि पहिली घोषणा ठोकायची, असा बेत. बिचाऱ्याने तोंड उघडलं आणि सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"बरे आलात," मास्तर म्हणाले. "तुम्हीच सांगा. आमच्यात तुमचा माणूस कोण आहे?"

"कुणीच नाही."

"असं तुम्ही म्हणणारच."

"अहो, मी निवृत्त झालो. पेन्शनच्या फोटोंसाठी गेलो होतो ताईंकडे."

"असंही तुम्ही म्हणणारच. मग आमच्यावर नजर कोण ठेवतंय?"

"मास्तर, खरं सांगू का? माझ्या जागी कुणाला पाठवलेलंच नाही. कारण जाताना मीच लिहून दिलं, की…"

आणि पाहुणे थांबले.

त्यांनी काय लिहून दिलं होतं ते त्यांनी मला सांगितलं होतं. मी ते कुणाला सांगितलेलं नाही, दुकानात येणारे सोडले तर. त्यांनी लिहिलं होतं, "ही माणसं निरुपद्रवी आहेत." प्रेमाने लिहिलं होतं हो. या लोकांना कुणी त्रास देऊ नये म्हणून. पण मास्तरांकडे बघा आणि सांगा, हे वाक्य त्यांना कसं ऐकवायचं? ज्याने आयुष्यात एकच मोठं भांडण उकरून काढलं, त्याला म्हणायचं, की तुमच्या भांडणाची समोरचा दखलच घेत नाही? समिती दुसऱ्या दिवशी घरी बसली असती.

पाहुण्यांनी मास्तरांकडे बघितलं. तिपाईशी झटापट करणाऱ्या ताईंकडे बघितलं. मग पंख्याजवळच्या त्या खुर्चीकडे. सावकाश तिथवर गेले, बसायच्या जागेवरचा कीस हाताने झटकला, आणि गुडघे धरत बसले.

"मीच लिहून दिलं," ते म्हणाले, "की दुसरा माणूस नको. इथलं मीच बघतो. निवृत्ती दाखवायची असते, मास्तर. आमच्या खात्यात असं चालतं."



"मला वाटलंच होतं!" मास्तर मांडीवर थाप मारून ओरडले. "मी म्हटलं नव्हतं? म्हणालो होतो की नाही?"

"मग तो थर्मास?" वेल्डरने विचारलं.

"चांगला आहे. वापरतोय."

"म्हणजे वर आपली दखल घेतात?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"भयंकर."

"काय म्हणता!" मास्तर दोन बोटं उंच झाले. "म्हणजे ताई…"

"ताईंचा काय संबंध? फोटोच काढायचे होते. नकली कार्डाला फोटो मात्र खरा लागतो."

ताई तिपाई हातात धरून उभ्या होत्या. कार्ड नकली नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? पेन्शनचे कागद बघून फोटो त्यांनीच मापात कापले होते. त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं. मग वेल्डरला म्हणाल्या, "दादा, हा पाय सोडवता का जरा? परत लावायचीय." वेल्डर धावलाच.

"मित्रहो, भगिनींनो आणि पाहुणे," मास्तरांनी सुरुवात केली. सगळ्यांच्या जिवात जीव आला. हेर कुठे आहे ते कळलं, की बाकीचे आपसूक आपले होतात.

येताना जिन्यात मी म्हटलं, "काय केलंत हे? सभासद व्हायला गेला होता ना?"

"गेलो होतो."

"आणि हेर होऊन आलात. तेही बिनपगारी."

"पगार होता तेव्हा तरी काय मोठा होता?" पाहुणे कठड्याला धरून एक पायरी चढले, थांबले. "पण घोषणा राहिली हो."

वरून दार उघडून त्यांची बायको म्हणाली, "एवढं तोंड पाडायला काय झालं? बाथरूम आहे की."

पुढचा मोर्चा कधी नव्हे एवढा मोठा झाला. एकमेकांवर नजर ठेवण्यात जाणारा वेळ मोकळा झाला होता ना, तो लोकांनी घरोघर जाण्यात घालवला. पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला. लोखंड कापायची गाडी आली ती लांबच थांबली, आणि चालक खाली उतरून विडी ओढायला लागला. पाहुण्यांची खुर्ची वेल्डरने डोक्यावर घेऊन पुलाच्या मधोमध आणून ठेवली होती. पाहुणे तिच्यावर बसून लिहीत होते. कुणासाठी लिहीत होते ते देव जाणे.

"पाहुणे, किती लिहिले?" मास्तर ओरडले.

"आज मोजता येत नाहीत, मास्तर."

मास्तरांना एवढा आनंद झालेला मी त्यांच्या मुलाच्या निकालालाही बघितला नव्हता. त्यांनी आवाज लावला, "पूल आमच्या पायाचा…" आणि सगळा पूल, "नाही कुणाच्या बापाचा!" मी पाहुण्यांच्या शेजारीच होतो. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. ताईंचा मोबाइल समोर, हजार घरांत हे दिसणार, आणि सरकारचा हेर घोषणा देतो म्हटल्यावर मास्तरांचं सगळं गणित चुकणार.

ताईंनी ते बघितलं. त्या जवळ आल्या आणि कुणाशीच न बोलल्यासारखं म्हणाल्या, "आता जरा वेळ मी कालव्याचं चित्रण करणार आहे. नुसतं पाणी. माणूस एकही येणार नाही त्यात." आणि तिपाई गर्रकन कठड्याकडे वळवली.

पाहुण्यांनी इकडेतिकडे बघितलं. गुडघे धरून उठले. आणि इतकी वर्षं घशात अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं, "नाही कुणाच्या बापाचा!" पण सगळे थांबल्यानंतर. एकटेच. पलीकडे लेकीच्या घरी नातीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. शब्द पाठ, ताल मात्र शून्य.

मास्तर वळले. "कोण ओरडलं?"

पाहुणे केव्हाच खुर्चीत बसून, मान खाली घालून लिहायला लागले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"कुणी नाही, मास्तर," ताई पाण्याकडे बघत म्हणाल्या. "पुलाखाली आवाज घुमतो."