उंबऱ्यावरचं कुत्रं

पत्रिका, मंगळ आणि भाऊबंदकी या तिघांनी मिळून धुळे-जळगाव पट्ट्यात जेवढ्या सोयरिकी मोडल्या नसतील, तेवढ्या माझ्या बायकोच्या आत्याबाईंनी एकट्यानं मोडल्या आहेत, आणि त्याही कुत्र्याच्या साक्षीवर. सगळं घराणं त्यांना अक्का म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. नरडाण्यापासून दोन कोसांवर त्यांचं गाव. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, त्यामुळे भावांच्या पोरीबाळी त्याच आपल्या, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मुलाकडचं घर अक्कांनी पाहिल्याशिवाय आमच्याकडे सुपारी फुटत नाही. त्या न कळवता जातात आणि पुढच्या दारानं कधीच जात नाहीत. घर खेड्यात असेल तर थेट मागच्या गोठ्यात शिरायचं, बैलाच्या खांद्यावरून हात फिरवायचा, म्हशीखालची जागा कोरडी आहे का बघायची, वासराचं दावं किती आखूड आहे ते पाहायचं, आणि मग घरात येऊन चहा मागायचा. शहरात गोठे नसतात. तिथं अक्का समोरच्या कुणाच्या तरी ओट्यावर ठाण मांडतात आणि त्या घराच्या उंबऱ्यावरच्या कुत्र्याकडे बघत राहतात. घरचा माणूस बाहेर आल्यावर कुत्रं नुसतं बाजूला झालं तर हरकत नाही. कान पाडून पळालं, तर अक्का चपला घालून परत. "मानूस पाव्हनासमोर गोड बोलस," त्या म्हणतात, "कुत्राले खोटं बोलता येत नही."

अमळनेरचं एक स्थळ असंच गेलं. दुमजली घर, मुलगा इंजिनिअर, अंगणात स्वतःची बोअरिंग. मुलाच्या वडिलांनी डोकं खाजवायला हात वर केला आणि पायरीवरचं कुत्रं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. अक्का उठल्या. त्या लोकांनी नंतर निरोपावर निरोप पाठवले की कुत्रं आमचं नव्हतंच, शेजाऱ्यांचं होतं. त्यावर अक्का म्हणाल्या, "मंग शेजार बी खराब शे."

या सगळ्या फेऱ्या त्या एकट्यानं करत. सोबतीला कुणी निघालं की त्यांना राग येई. "दोन जन गयात ते एकमेकसशीच बोलतस. एकलं गयं का बठ्ठी गाडी बोलस." आणि खरोखरच सगळी गाडी बोलत असे. त्यांच्या हातात एक मळकट कापडी पिशवी असायची, तिच्यात शिळ्या भाकरीचे तुकडे, हळदीची पुडी, खोबरेल तेलाची बाटली, सुती चिंध्या आणि रंगाच्या डब्याचं एक झाकण. मे महिन्यात धुळ्याच्या स्टँडवर लोक पाण्याची बाटली छातीशी धरून बसतात, तेव्हा अक्का ते झाकण खाली मांडून स्वतःची बाटली त्यात रिकामी करत. कुत्र्यानं पाणी पिऊन संपवेपर्यंत पुढं जायचं नाही हा नियम, त्यामुळे गाडी कुत्र्याआधी निघून जाई. अक्का कुठं वेळेवर पोहोचल्याचं पाहणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. हळदीला म्हणून निघत आणि लग्नाच्या शेवटच्या पंगतीला उतरत, तेही हातावर एखादं पिल्लू घेऊन. उशीर का झाला ते विचारायची सोय नव्हती, कारण त्या ते संपूर्ण सांगत.

एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं त्याच वर्षीची गोष्ट. शिरपूरच्या गाडीत अक्कांच्या मांडीवर पाय मोडलेली एक पाठ होती, शेळीचं पोर, पायाला हळद-तेलाची चिंधी बांधलेली. कंडक्टरनं तिचंही तिकीट मागितलं. अक्का म्हणाल्या, "हाई बी बाईमानूसच शे भाऊ. अर्धं दे." कंडक्टर बिचारा समजूतदार होता. तो म्हणाला, "अक्का, शेळी नियममा बठत नही." "नको बठू दे. मना मांडीवर बठेल शे ना!" सगळी गाडी हसली. सोनगीर येईपर्यंत कंडक्टरनं आपल्या घरच्या आजारी गाईची सगळी हकीकत अक्कांना सांगितली होती, आणि उतरताना त्यानंच ती पाठ हातात धरून खाली दिली.

अशी गाठ पडलेली माणसं अक्का नावानं लक्षात ठेवत नाहीत, जनावरानं ठेवतात. त्यामुळे त्यांना फोन करणारेही शहाणे झाले आहेत. एकदा त्यांचा फोन मी उचलला तर पलीकडून भारदस्त आवाजात एक गृहस्थ म्हणाले, "मी धरणगावचा मुख्याध्यापक. पण तसं सांगू नका. म्हैस मोरीत अडकली होती तो, असं सांगा."

आता माझी गोष्ट, जी मी कित्येक वर्षं कुणालाच खरी सांगितली नव्हती. बारा वर्षांपूर्वी मी जळगावच्या एका शाळेत नुकताच क्लार्क म्हणून लागलो होतो. दोंडाईच्याला एका मित्राच्या साखरपुड्याला एकटाच गेलो होतो आणि पॅसेंजरनं परतत होतो. नरडाण्याला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली, म्हणून चहा प्यायला खाली उतरलो. हातात बिस्किटांचा पुडा. इथं सांगायला हवं की लहानपणी पोटरीला कुत्रं चावल्यापासून मी कुत्र्यांना इतका भितो की रस्ता बदलतो. एक फाटक्या कानाचं पिवळं कुत्रं आलं आणि चहात बुडवायला काढलेलं बिस्कीट त्यानं माझ्या हातातून हिसकावून नेलं. खाल्लं, आणि परत माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. उरलेला पुडा त्याच्या स्वाधीन केला आणि उलट्या पावली डब्यात चढलो. घडलं ते एवढंच. पण निंबाखाली एक म्हातारी बाई रंगाच्या डब्याचं झाकण घेऊन बसली होती, आणि ती हे सगळं पाहत होती. गाडीत ती माझ्यासमोरच येऊन बसली. नाव काय, गाव कोणतं, घरी कोण कोण, "लगीन व्हयेल शे का तुनं?" धरणगाव येईपर्यंत माझं काहीही शिल्लक राहिलं नव्हतं. ती जळगावला निघाली होती दुसऱ्याच एका मुलाचं घर पाहायला. त्या घरी ती गेलीच नाही.

आठ दिवसांनी सकाळी मी शाळेत निघालो तर आमच्या उंबऱ्यावर गल्लीतलं काळं कुत्रं आडवं पडलेलं. रोजच्याप्रमाणे मी लांबूनच म्हणालो, "जरा सरकता का?" कुत्र्यांना मी भीतीपोटी अहो-जाहो करतो. त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. मग मी चपला हातात घेऊन, भिंतीला अंग चोरून बाहेर पडलो. समोरच्या ओट्यावर अक्का बसल्या होत्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. महिनाभरात माझं लग्न झालं. जावयाला आमच्याकडे मानानं बोलतात, पण अक्का मला अजून अरे-तुरेच करतात. "जवाई व्हवाना पहिलेपासून ओयखस मी तुले," म्हणतात. त्यामुळे आमच्या नात्यात कुत्र्याला तुम्ही आणि मला तू, असा प्रकार आहे.

पुढं दर लग्नकार्यात अक्कांनी ती नरडाण्याची हकीकत सांगितली, आणि दर खेपेला तिला नवं पान फुटलं. पुड्याचे दोन पुडे झाले, कुत्रं आठ दिवसांचं उपाशी झालं, एका लग्नात तर मी त्याचे डोळे रुमालानं पुसले. इतर जावयांना सासुरवाडीहून दिवाळीला कपडे येतात. मला आतापर्यंत एक लंगडी मांजर, पंखाला मांजा लागलेला पारवा आणि तीन वेळा कुत्र्याची पिल्लं आली. "तुमच्याइतकं कोण करणार?" असं म्हणून मंडळी खोकं दारात ठेवून जात. नाही कसं म्हणणार? भीत भीत मी हळद-तेल लावायला शिकलो, दारात पाण्याचं भांडं ठेवायला शिकलो. लोक मला भूतदयेचा पुतळा समजत होते आणि मला मात्र रोज वाटायचं, हे सगळं एका हिसकावलेल्या बिस्किटावर उभं आहे. अक्कांसमोर मान वर करायची लाज वाटायची.

मग गेल्या वर्षी काचबिंदूनं अक्कांची नजर नेली. एक डोळा गेला आणि दुसऱ्यात उजेड-अंधार तेवढा उरला. पिशवी खुंटीला लागली. त्यातच माझ्या मेहुण्याच्या मुलीला भुसावळचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, घर रेल्वे क्वार्टरमधलं. सगळ्यांना पसंत होतं, पण पोरगी हटून बसली. ती म्हणाली, "आत्याआजी हो म्हणेपर्यंत मी हो म्हणणार नाही." अक्कांनी मला बोलावून घेतलं. चाचपत खुंटीपाशी गेल्या, पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. "आते तू जाय. एकलाच जाय."

एका पोरीचा संसार माझ्या पारखीवर, आणि माझी पारख म्हणजे काय ते मला ठाऊक. ओट्यावर दोघंच होतो. मी म्हणालो, "अक्का, मला पाठवू नका. नरडाण्याचं सगळं खोटं आहे. बिस्कीट मी दिलं नव्हतं, कुत्र्यानं हिसकावलं होतं. मी कुत्र्यांना भितो. तुम्हाला बारा वर्षं फसवलं."

अक्का हसायला लागल्या त्या थांबेचनात. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "माले काय दिखनं नही का? पहिलं त्यानी लिधं. दुसरं तू दिधं."

"भीतीनं दिलं, अक्का."

"भ्यायेल मानूस पुडा फेकी देस आन पयस. तू खाले बठना. पुडाना कागद काढा, मंग बिस्किटं खाले ठेवात. तुना हात थरथर कापी राहिंतात, तरी कागद काढा. कागद कुत्राना घशामा अडकस ना." मग त्या म्हणाल्या, "लोकसले सांगाले मी जरा वाढाई सांगस. पन मना देखामा चूक व्हयेल नही."

खाली बसून कागद काढल्याचं मला आठवतच नव्हतं. पण परतताना गाडीत हळूहळू आठवलं की त्या दिवशी धरणगावपर्यंत माझ्या पँटच्या खिशात काहीतरी कुरकुर वाजत होतं, आणि जळगावला उतरल्यावर मी एक चुरगळलेला कागद बाहेर काढून टाकला होता. बारा वर्षांत मी त्याचा विचारच केला नव्हता. तोंड खिडकीकडे करून मी रडलो, हे सांगायला आता मला लाज वाटत नाही.

पुढच्या रविवारी मी एकटाच भुसावळला गेलो. क्वार्टरसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. उंबऱ्यावर एक तांबडं कुत्रं झोपलेलं होतं. थोड्या वेळानं मुलगा ड्युटीवर निघाला. त्यानं कुत्र्याला ओलांडलं आणि मोटारसायकल सुरू न करता हातानं ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली. तिथं जाऊन किक मारली. कुत्र्याचा कानसुद्धा हलला नाही. मग ते आपसूक जागं झालं, उठलं आणि सरळ माझ्याकडे आलं. पिशवीत भाकरी होती. त्यानं तोंड पिशवीत घातलं, त्याचा ओला श्वास माझ्या मनगटाला लागला. मी बसून राहिलो. झाकण काढून पाणी ओतलं, आणि ते सगळं पिऊन होईपर्यंत हललो नाही.

स्टेशनवर आल्यावर अक्कांना फोन लावला. त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"कुत्रं पयनं का?"

"नाही पळालं."

"आन तू?"

"मीही नाही."

"मंग दोन्ही पास. पोरले सांग, हो म्हन." मला वाटलं, आता फोन ठेवतील. पण त्या म्हणाल्या, "आते सांग, कसं व्हतं ते?"

मी सांगायला लागलो. तांबडा रंग, छातीवर पांढरा ठिपका, डावा कान जरा वाकडा, शेपटीचं टोक काळं. समोर फलाटाला माझी जळगावची गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा मी भराभरा बोलू लागलो.

"सावकाश सांग," अक्का म्हणाल्या. "माले देखू दे."

गाडी सुटली. मी बाकावर बसलो आणि पुन्हा कानापासून सुरुवात केली.