पाच जॅकेटं

पहिलं जॅकेट तोंडावरच येऊन पडलं.

"धर वं," ईश्वरी म्हणाली. "घडी नीट घाल. मागच्या टायमाले चुरगळलं होतं."

मग उरलेली चार.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ही रीतच होती. बास्केटबॉलचा सामना सुरू होण्याआधी पहिल्या पाच मुली नारळ फोडायच्या, खेळाचे सर त्यांना कुंकू लावायचे, आणि मग त्या जॅकेटं काढून सहावीकडे फेकायच्या. सहावी मी. जवळच्या भातकुली गावची. पहिल्या वर्षी मी त्या ओळीजवळ उभी होते, तेव्हा सर फार सौजन्याने म्हणाले, "तुमच्यात नारळ-बिरळ चालत नाही ना? मग तू जॅकेटं सांभाळ."

माझ्या धम्माची इतकी काळजी त्याआधी कुणी घेतली नव्हती. नारळ मला नकोच होता. पण दुसऱ्यांच्या घामाची जॅकेटं आमच्यात चालतात का, ते कुणी विचारलं नाही.

सहावी म्हणजे उरलेली नव्हे. पाचजणी दमतात, गोंधळतात, तेव्हा ताजे पाय घेऊन जी आत जाते आणि सामना फिरवते, ती सहावी. सर हे भाषणात छान सांगायचे. माझं नाव मात्र भाषणातही नसायचं. मैदानावर तर हाकच होती, "ए सहावी."

आई एकदा सामना पाहून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तू तिथं खेळाले जाते का कपडे धराले?"

अंतिम सामना अकोल्याला होता, तिथल्याच कॉलेजाशी. विद्यापीठाचा संघ निवडणारे समोर बसले होते. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष. त्यांनी मला खेळताना पाहिलं तरच पुढे काही होणार होतं. आमच्या संस्थेचे अध्यक्षही आले होते. ईश्वरीचे काका. आमच्या लाकडी बाकाला लागूनच त्यांचा सोफा.

अर्ध्या सामन्यात आम्ही बरेच मागे होतो. सरांनी ईश्वरीला काढलं, मला घातलं. अकोल्याची उंच मुलगी दमली होती, वळायला वेळ लावत होती. बाकावरून हे दिसत होतं. मी तिच्या बाजूनेच घुसत राहिले. आम्ही पुढे गेलो. तेवढ्यात सरांनी मला बाहेर बोलावलं.

"ईश्वरीला जाऊ दे. साहेबांचा फोटोवाला आलाय."

बसले. जॅकेटं पुन्हा मांडीवर. आघाडी गेली. सरांनी टाइम आउट घेतला.

"ए सहावी, ऊठ लवकर."

उठले. सोफ्याजवळ गेले आणि पाचही जॅकेटं अध्यक्षांच्या मांडीवर ठेवली.

"धरा जरा. घामाची हायेत, पण घरचीच हायेत."

सत्काराचे हार घ्यायची सवय असलेले हात. त्यांनी घेतली.

सामना आम्ही जिंकलो. निवड करणाऱ्यांपैकी एकाने सरांना विचारलं, ही मुलगी कशी आहे? मी तिथेच उभी होते. सर म्हणाले, "खेळ बरा आहे. वळण नाही." निवड ईश्वरीची झाली.

परतीच्या गाडीत सर माझ्या शेजारी येऊन बसले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"साहेबांची माफी माग. एम.ए.ला इथेच राहा. पुढच्या वर्षी तुला पहिल्या पाचात घेतो."

"मग जॅकेटं कोण धरणार, सर?"

"येईल की कुणीतरी नवीन."

हे ते इतक्या सहज म्हणाले की मला सगळं कळलं. मला बाकावरून उठवणार होते. बाक तसाच राहणार होता. माझ्या जागी आणखी कुणाची तरी मुलगी, तिच्या मांडीवर माझं जॅकेट. माफी मागितली नाही.

एम.ए.ला मी अकोल्यात प्रवेश घेतला आहे. ती उंच मुलगी आता माझ्याच संघात आहे. इथे जिचं जॅकेट तिने बाकावर ठेवायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. इथेही बहुतेक मी सहावीच असेन. बाकावर बसायची मला लाज नाही. तीन वर्षं बाकावर बसून मी एकच संघ पाहिला आहे. कोण कधी धापा टाकते, कोण कुणाला चेंडू देत नाही, सगळं.

ईश्वरी अजून तिथेच आहे. यंदा समोर येईल. तिला डाव्या बाजूने चेंडू नेता येत नाही.

मी तिला तेवढी एकच बाजू मोकळी ठेवणार आहे.