बरगे कोन काढन?

सत्यवतीवहिनी म्हंजे माह्या मोठ्या भावाची बायको. भाऊ गेला तवा तिची पोट्टी रागिणी पाळन्यात होती, न वावर नाल्याच्या अगदी काठावर. लोक म्हने, वावर मक्त्यानं देऊन टाक न घरी बस. हिनं दुसऱ्याच हंगामात डवरा हाती घेतला. आमच्या इकडे बाई निंदते, कापूस वेचते, पन बैलामागं डवरा धरत नाई. पारावरचे रिकामटेकडे हासले. "हासा बाप्पा, दात तरी दिसतीन," म्हने, न तास धरला. असल्या तोंडाची बाई. मले सुदा तिनं लय वेळा फाडून खाल्लं, पन मले तिचा राग कधी आला नाई.

मंग सरकारची जलसंधारणाची योजना आली न आमच्या नाल्यावर बंधारा मंजूर झाला. बंधाऱ्याचा एक खांदा कोनाच्या तरी वावरात रुतवाच लागते, न तो नेमका वहिनीच्या वावरात येत होता. तिची संमती पाहिजे म्हनून साहेब आले, सरपंच आले. रामराव तं रोज चकरा मारे. त्याचं वावर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाले, म्हंजे अडलेलं पानी त्याच्याच विहिरीले. वहिनीनं एकच विचारलं, "माह्या वावराले धोका तं नाई ना?"

साहेबांनी समजावून सांगितलं. बंधाऱ्याच्या मोऱ्या बंद कराले लोखंडी फळ्या असतात, त्याले बरगे म्हनतात. पावसाळ्याआधी ते काढून ठेवाचे, म्हंजे पूर मधातून निंघून जाते. पावसाळा सरता सरता परत बसवाचे. बस्स, एवढंच काम. वहिनीनं सही केली.

पहिले दोन वर्सं आमी सारे गेलो न वेळेवर बरगे काढले. विहिरी भरल्या. जिथं तुरीशिवाय काई होत नव्हतं तिथं गहू झाला, चना झाला. न तिथंच राजेहो लोकायची मती फिरली. "पावसाचा काय भरोसा? राहू द्या बरगे, पहिलंच पानी अडवू," रामराव म्हने. बंधाऱ्याच्या समितीचा अध्यक्ष तोच. वहिनी दरसाल मिरगाच्या आधीपासून दारोदार फिरली. "बरगे काढा रे, नाला माह्या अंगावर येईन." "उद्या काढू वहिनी." अबे, कधी उगवते तुमचा उद्या? सांगता सांगता मले अजूनही चीड येते. मी एकटा जाऊन ओढून पाहिलं. गाळात रुतलेले बरगे जागचे हालले नाईत.

यंदाच्या जुलैत एका दिवसात महिनाभराचा पाऊस पडला. मोऱ्या बंद, पान्याले वाट नाई. त्यानं बंधाऱ्याचा खांदा उखडून बाजूले टाकला न वहिनीचं वावर फोडून रस्ता केला. सकाळी जाऊन पाहातो तं काळी माती वाहून गेली, खालचा मुरूम उघडा पडला, कापसाची पराटी मुळासकट गेली. उरलेल्या वावराचा काठ आमच्या डोळ्यासमोर ढासळून राहिला होता. वहिनी रडली नाई. कोनाले शिवी सुदा देल्ली नाई, न त्याचंच मले भेव वाटलं.

पंचनाम्याच्या आदल्या दिवशी रामराव घरी आला. "वहिनी, नाल्यानं नेलं असं म्हना. खरडलेल्या जमिनीची मदत भेटन तुमाले, न बंधाऱ्याच्या दुरुस्तीले निधी भेटन गावाले. बरग्याचं नाव काढान तं सारंच अडकन."

मानूस गोड बोलला, न खोटंही नव्हता बोलून राहिला. मीही म्हटलं, वहिनी, मदत घेऊन घ्या. तिनं माह्याकडे पाहिलंच नाई.

"न उरलेलं वावर पुढच्या पुरात गेलं तं?" तिनं रामरावाले विचारलं. "बरगे कोन काढन ते सांगा. आज काढता का?"

"पाहू ना," रामराव म्हने.

दुसऱ्या दिवशी कृषी सहायक प्रणाली मॅडम आली. सारं गाव वावराच्या धुऱ्यावर उभं. तिनं मोबाइलवर फोटो काढले न विचारलं, "काकू, हे कशामुळे झालं?"

"नाल्याचा काई गुन्हा नाई बाई. बरगे काढले नाईत. जाऊन पाहा, आताही तिथंच हायेत."

पोरगी चांगली होती. हळूच म्हने, "काकू, विचार करा. असं लिहिलं तर तुमची मदत अडकेल."

"लिही," वहिनी म्हने.

चौकशी येनार म्हनताच रामरावानं जेसीबी आनला न साऱ्या मोऱ्या मोकळ्या केल्या. एवढे वर्सं जे होत नव्हतं ते एका दुपारात झालं! ऑगस्टचा पूर मधातून निंघून गेला. उरलेलं वावर वाचलं. पन तिची मदत आली नाई, न दुरुस्तीचा निधीही थांबला. फुटक्या बंधाऱ्यात पानी थांबन कसं? यंदा चना होनार नाई, हे साऱ्यायले समजलं, न सारे एकच बोलू लागले, सत्यवतीनं गावाचं पानी तोडलं.

मंग पोळा आला. आमच्या गावात तोरन तुटलं का बैलजोड्या घरोघर फिरतात. घरची बाई त्यायचे पाय धुते, ओवाळते, पुरणपोळी भरवते. वहिनीनं दरसालसारखं साऱ्या गावाच्या बैलायले पुरन्यासारखं पुरन शिजवलं होतं. मी माही जोडी नेली. तिनं पाय धुतले, ओवाळलं. तेवढ्यात रामरावाची जोडी आली. शेजारच्या दारात थांबली, न वहिनीचं दार टाकून पुढं गेली. वहिनी ताट घेऊन पायरी उतरली होती, तशीच उभी राहिली. मांगच्या जोड्याही तशाच गेल्या.

"बंडूभाऊ, येतीन ना बाकीचे?" तिनं मले विचारलं.

"येतीन ना," म्हटलं.

कोनी आलं नाई. घुंगरायचा आवाज पार वेशीकडे गेला, तवा तिच्या डोळ्यातून पानी वाहू लागलं. तिनं पुसलंही नाई. माह्याच बैलाले दुसरी पोळी देल्ली, मंग तिसरी.

"खा रे बाप्पा," म्हने, "साऱ्या गावाच्या वाट्याचं आज तुमालेच खा लागते."