रुपयाएवढे अनारसे

अधिक महिना लागायच्या आठ दिवस आधी लेकीचा फोन आला. जावयांना दोन महिन्यांआधी शुगर निघाली होती. "कोणालेच सांगू नको," ती म्हणाली, "त्यांच्या आईलेही माहीत नाही. मी तुले सांगितलं हे त्यायलेही कळू देऊ नको. अन् यंदा अनारसे बिलकूल करू नको." एवढं सांगून तिने फोन ठेवून दिला आणि माझ्या डोक्याला भुंगा लावला.

अधिक मासात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं आणि तेहतीस अनारसे ताटात मांडून, वर दिवा ठेवून वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. वाण जाळीदार, छिद्रांचंच लागतं. का, ते आईने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अनारसे दिले नाहीत तर उमरेडहून येणाऱ्या विहीणबाई कारण विचारणार. दिले तर जावई भिडेपोटी खाणार. तेव्हा मला असं काहीतरी शोधायचं होतं, जे तब्येतीला चांगलं, पेन्शनीत बसणारं, तेहतीस नगांचं, छिद्रं असलेलं, आणि तब्येतीसाठी दिलंय असं अजिबात न दिसणारं.

"चाळणी दे न," आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "तेहतीस काय, हजार छेद मिळतील."

मी पिशवी घेतली आणि तडक इतवारीचा बाजार गाठला. सुक्या मेव्याच्या दुकानात तासभर उभी होते. दुकानदार बदाम दाखवी, अक्रोड दाखवी. "काकू, आजकाल सब लोग हेच देऊन राहिले. हेल्दी गिफ्ट!" मी म्हटलं, याला छिद्रं कुठे आहेत? तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एकदम आठवलं, बिस्किटांना असतात की छिद्रं! पण बिनसाखरेच्या बिस्किटांच्या डब्यावर 'मधुमेहींसाठी' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं. तो डबा विहीणबाईंच्या पुढ्यात ठेवणं म्हणजे दवंडीच पिटणं. तांब्याचा लोटा पाहिला, ज्वारीच्या लाह्या पाहिल्या, आणि शेवटी काय सुचलं कोण जाणे, किलोभर जवस घेऊन घरी आले. जवसाचं या सगळ्याशी काय नातं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

रात्रभर विचार केला आणि सकाळी तांदूळ भिजत घातले. तेहतीस म्हणजे तेहतीस, पण आकार किती ते शास्त्रात कुठे लिहिलंय? मी रुपयाएवढे अनारसे केले. गूळ नावाला घातला, म्हणून जाळीही नावालाच पडली. तरी ताटात मांडल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं.

जेवणाच्या दिवशी विहीणबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पीठ पुरलं नाही काय वं विहीणबाई?" त्या हसतच म्हणाल्या, पण माझे कान तापले. कंजूष म्हणून घ्यायचं की खरं सांगायचं? मी वरणाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

आणि जावई मधे पडले. माझी लाज राखायला बिचाऱ्याने एक अनारसा तोंडात टाकला. "आई, तू खाऊन तर पाह्य. असे अनारसे मी कधी खाल्ले नाही." दुसरा टाकला. तिसरा. लेक ताटाआडून त्यांचा गुडघा दाबत होती. सातव्या अनारशाला मला राहवलं नाही. "बस करा जावईबापू," मी ओरडलेच, "शुगर आहे न तुम्हाला!"

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं, की जमीन दुभंगली असती तर मी आत गेले असते.

"मले काहून नाही सांगितलं गा?" विहीणबाईंनी हळूच विचारलं.

"तू मंग जेवण सोडलं असतं," जावई म्हणाले. "बाबा आजारी पडले तवा काय केलं होतं तू?"

लेकीचे सासरे आजारी होते तेव्हा या बाईने त्यांच्यासाठी वर्षभर अन्न सोडलं होतं. उकडलेल्या बटाट्यांवर राहून शेवटी तीच सलाइनवर गेली. हे मला त्या दिवशी कळलं. विहीणबाईंनी हातातला घास ताटात ठेवला आणि ताट सरकवलं.

पुढे मायलेकांत दोन तास वाद झाला आणि शेवटी तडजोड ठरली. जावयांनी रोज सकाळी चालायचं. ते चालून आले असं फोनवर कळलं, की मगच विहीणबाई उमरेडला पहिला घास घेणार. डॉक्टर दोन महिने सांगून थकले होते, तेव्हा हा माणूस फाटकापर्यंत चालत नव्हता. आता रोज पहाटे उठू लागला. शुगर खाली आली. लेक म्हणते, आई, तू चांगलंच केलं. मला मात्र कळत नाही. माझ्या तोंडून गेलेल्या एका वाक्याने दोन माणसं एकमेकांना बांधली गेली, हे पुण्य की पाप?

मागच्या रविवारी मी लेकीकडे गेले होते. जावई तापाने फणफणले होते, चादर घेऊन पडलेले. सकाळी नऊ वाजता उमरेडहून फोन आला. त्यांनी तो उचलला नाही. उठले, चपला घातल्या आणि अंगणात फेऱ्या मारू लागले. लेक मागे धावली, "अहो, ताप आहे!"

"खोटं नाही बोलता येत तिच्याशी," ते म्हणाले. "भुकी बसली आहे ती."

फोन वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. मी दारात उभी. त्यांना आत ओढावं की तिकडे फोन उचलून त्या बाईला चार शब्द सुनवावेत, मला काही सुचेना. दहा फेऱ्या झाल्या तेव्हा भिंतीला टेकून, धापा टाकत त्यांनी फोन घेतला.

"हो आई, चाललो. जेव तू आता."