सिस्टरांची जीप

बॉनेटवर डावा पंजा पालथा ठेवायचा, उजव्या हाताच्या बोटाने त्यावर दोनदा टकटक करायची, मान तिरकी करून क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "बघू या, काय म्हणतेय." पेशंटची छाती तपासायची ही डॉक्टरांची पद्धत. सिस्टरांनी सगळी नोकरी इस्पितळात काढली, निवृत्त झाल्या, आणि ती पद्धत घरी येऊन जीपला लावली.

तुम्ही बदलापुरात शिरगावच्या बाजूला राहत असाल तर त्यांना पाहिलंच असेल. फिकट गाऊन, वरून वारलेल्या नवऱ्याचा जुना शर्ट, पायांत इस्पितळातले पांढरे सँडल. बहुतेक वेळा मात्र ते सँडलच दिसायचे, कारण सिस्टरांचं बाकीचं अंग जीपखाली असायचं.

जीप त्यांच्या थोरल्या भावाची, दादांची. जुनी, डिझेलची, चारही चाकांनी ओढणारी. त्यांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा दादांनी ह्याच जीपमधून घराघरातलं सामान वर नव्या वस्तीवर आणलं होतं. जीपचा बोल्टही त्यांनी कधी दुसऱ्याला फिरवू दिला नाही. मग त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरले दोनच शब्द, "हां" आणि "नाय". जीप अंगणात गंजताना बघून ते रडतात असं वहिनींनी सांगितल्यावर सिस्टर गेल्या आणि जीप ओढून आमच्या सोसायटीत घेऊन आल्या. दादांना त्यांनी कबूल केलं होतं, "नीट करून तुला हिच्यातूनच जुन्या जागेवर नेते."

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, अंबरनाथच्या एका कंपनीत हिशेब बघते. रविवारी सकाळी बेल वाजायची. "अगं, चहा झाला का? ये जरा फोन धरायला."

फोन धरणं हेच माझं काम. तिकडे वहिनी दादांच्या कानाला फोन लावायच्या, इकडे मी माझा फोन इंजिनाजवळ न्यायचे. सिस्टर ओरडायच्या, "दादा, चालू करते हं, ऐक." इंजिन धडधडायचं. मग पलीकडून एक शब्द यायचा. "नाय" आला की सिस्टर पुन्हा खाली. काय चुकलं ते सांगायला दादांकडे शब्द नव्हते आणि विचारायला सिस्टरांकडे माहिती नव्हती. त्यामुळे एकेका "नाय"चं उत्तर शोधण्यात आमचे अख्खे रविवार जायचे.

एकदा त्यांनी इंजिनऑइल बदललं. खालून बोल्ट काढला, काळं तेल घमेल्यात घेतलं, बोल्ट बसवला, वरून नवं तेल ओतलं. दादा म्हणाले, "नाय." सिस्टर म्हणाल्या, "आज त्याचा मूड नाही." जीप गेटपर्यंत गेली आणि गिअर असे कुरकुरायला लागले की वॉचमन खुर्चीवरून उठला. मागून पांढरा धूर. कुळगावहून मेकॅनिकला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं आणि हसत हसत तो जमिनीवर बसलाच. सिस्टरांनी तेल काढलं होतं ते गिअरबॉक्सचं. गिअरबॉक्स कोरडा आणि इंजिनात दुप्पट तेल.

"पेशंट बरोबर होता," सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या, "मीच नळी चुकीच्या जागी लावली." त्याच गडबडीत माझा फोन घमेल्यात पडला होता. तो पुसून मी कानाला लावला तर आतून दादांचा आवाज येत होता, "नाय, नाय, नाय."

ब्रेक घट्ट केले तेव्हा ते इतके घट्ट झाले की चौघांनी ढकलूनही जीप हलेना. एकदा सुटे भाग आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो, तर येताना फोर व्हीलचा लिव्हर खालच्या गिअरमध्येच अडकला. शिरगावपर्यंत आम्ही बैलगाडीच्या चालीने आलो. मागे रिक्षांचे हॉर्न. सिस्टर समोर बघत शांतपणे म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्सला कोणी हॉर्न मारतं का?"

उल्हासनगरच्या सुट्या भागांच्या दुकानातले सिंधी शेठ त्यांना ओळखायचे. "सिस्टर, भंगार में दे दो अभी."

"शेठ, तुमचा गुडघा दुखतो तेव्हा तुम्हाला भंगारात देतात का?"

शेठ हसायचे आणि गुडघा चोळत मागच्या फळीवरचं सामान शोधायला उठायचे.

आणि मग एका रविवारी, उन्हाळा संपत आला होता, इंजिन चालू झालं आणि फोनमधून काहीच आलं नाही. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन आणखी जवळ नेला. बऱ्याच वेळाने दादा म्हणाले, "हां." सिस्टर जीपमधून उतरल्या, नळावर गेल्या आणि खूप वेळ हात धुत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही गावी गेलो. मुलाने दादांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, वहिनींनी जुन्या लुगड्याने त्यांना सीटला बांधलं. वहिनी आणि मी मागे. धरणाच्या कडेने जुन्या जागेकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसता खडीचा चढ. अर्ध्यावर जीप अडली. मागची चाकं जागेवरच फिरू लागली, आम्ही हळूहळू मागे घसरत होतो.

"नाय," दादा म्हणाले.

"आता नाय म्हणू नकोस रे, घाबरायला होतंय."

"नाय." दादा डाव्या हाताने सिस्टरांचा दंड ओढत होते, पुढच्या चाकाकडे बोट करत होते.

सिस्टरांनी हँडब्रेक ओढला. मी उतरून चाकामागे दगड लावला. जुन्या फोर व्हीलमध्ये पुढची चाकं इंजिनाला जोडायला खाली उतरून चाकाच्या मधली चकती हाताने फिरवावी लागते. ते राहूनच गेलं होतं. सिस्टरांनी दोन्ही चकत्या फिरवल्या, कपाळाचा घाम पुसला आणि गाडीत बसून म्हणाल्या, "विसरले रे." पुढच्या चाकांनी खडी धरली, आणि जीप गुरगुरत चढून गेली.

वर इंजिन बंद केलं. समोर सगळं पाणी.

सिस्टर बोट दाखवून सांगू लागल्या. "ते आपलं घर." दादा म्हणाले, "हां." "तिथं खळं. आई भात झोडायची." "हां." "आणि ती विहीर."

"नाय."

दादांनी त्यांचा हात धरला आणि थोडा डावीकडे नेला. पाण्यावर मला तरी काहीच फरक दिसला नाही. सिस्टर म्हणाल्या, "बरोबर. तिथं होती." नंतर दोघांनी हात सोडले नाहीत. वहिनी पदराने चष्मा पुसत राहिल्या.

पावसाळ्यात दादा गेले. दिवसकार्य आटोपून सिस्टर परत आल्या, पण जीपजवळ गेल्या नाहीत. रविवार यायचे आणि जायचे. शेवटी मीच विचारलं, "सिस्टर, आज नाही का बघायची?"

"नीट झालं की चुकलं, आता सांगणार कोण?" त्या म्हणाल्या आणि मला चहा दिला.

दिवाळीनंतर त्यांनी गावी राहायला जायचं ठरवलं. दादांचा मुलगा नोकरीमुळे अंबरनाथला राहतो, वहिनी घरात एकट्याच. जीपमध्ये गाद्या, कपाट, गॅसची शेगडी चढली. मी डबा करून दिला. "येत जा गं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली.

गेटमधून जीप बाहेर पडली तेव्हा मी रस्त्यावर आले आणि हात हलवत राहिले. ती नाल्यापर्यंत गेली, वळली, दिसेनाशी झाली. सिस्टरांनी वळून पाहिलं नाही. मग माझ्या लक्षात आलं, सामान चढवताना कपाट लागून जीपचा एकुलता एक, उजवीकडचा आरसा तुटला होता आणि तो काढून मीच बाजूला ठेवला होता. मागे गाद्या छतापर्यंत भरलेल्या. मी उभी आहे हे त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. तरी मी हात खाली घेतला नाही.