घाटातल्या डंपरचा रिव्हर्स हॉर्न

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या भागात मागे येणारी प्रत्येक मोठी गाडी काहीतरी वाजवत यायची. कुणी आरती, कुणी सिनेमाचं गाणं, कुणी नुसती चिमण्यांची किलबिल. पावसाळा लागला की मात्र निम्म्या गाड्या मुक्या व्हायच्या आणि ते बंद पडलेले हॉर्न दुरुस्तीला आमच्याकडे यायचे.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. दोघी पॉलिटेक्निकच्या एकाच वर्गातल्या. कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या आवारात आम्ही खोली भाड्याने घेतली होती. सर्किट तिचं, खरेदी, पॅकिंग, गिऱ्हाईक, एसटीच्या वेळा आणि रोज सकाळी भिंतीवर चिकटवायची कामांची यादी माझी. कुठलाही हॉर्न उघडा, आत तेच दिसायचं. पाणी शिरून तांब्यावर हिरवं चढलेलं आणि हादऱ्यांनी सोल्डरिंग तडकलेलं. एक दिवस ती वैतागून म्हणाली की हे दुरुस्त करून पुन्हा मरायला पाठवण्यापेक्षा न मरणारा हॉर्न आपणच करू. मी लगेच नवा कागद घेतला.

ॲल्युमिनियमची जाड ओतीव डबी शेजारच्या फाउंड्रीतून मिळाली. सर्किट आत बसवायचं आणि वरून रेझिन ओतायचं. ते ओतताना काकवीसारखं असतं, सुकल्यावर दगड. आत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून ती चमच्याने डबीवर टकटक करत बसायची आणि मी श्वास रोखून बघायची. डबी दगडासारखी झाली की आम्हाला दोघींना इतका आनंद व्हायचा की शेजारच्या युनिटमधले लोक डोकावून जायचे.

खरी मजा तपासणीत होती. मोठ्या कंपन्यांकडे हादरे द्यायची, तापवायची यंत्रं असतात. आमच्याकडे ओळखी होत्या. उष्णतेसाठी बेकरीची भट्टी. बेकरीवाल्याने पत्र्यावर खारीच्या शेजारी आमच्या डब्या मांडल्या आणि कुणी चहात बुडवून खाल्ली तर मी जबाबदार नाही, असं बजावलं. थंडीसाठी आइस्क्रीमवाल्याचा फ्रीजर. हादऱ्यांसाठी मिरची कांडायचा डंक, ही युक्ती माझी. उन्हाळ्यात सगळ्या गल्लीची वर्षाची चटणी तिथे व्हायची आणि डंक दिवसभर धडधडत असायचा. त्याच्या लोखंडी चौकटीला आम्ही डबी तारेने आवळली. डंकवाल्या मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"चटणीत लोक मीठ घालत्यात, लसूण घालत्यात," त्या म्हणाल्या, "तुमी हॉर्न घालताय व्हय?"

संध्याकाळी शिंकत शिंकत डबी सोडवली. तिखटाने लालभडक झाली होती. बॅटरी जोडताच वाजली. मावशींनी कानावर हात ठेवले, मैत्रिणीने मला मिठी मारली आणि मग दोघींनी डोळे चोळले. ती चूक महागात पडली.

आता गाडीवर लावून बघायचं होतं. गगनबावड्याच्या बाजूला रस्त्याचं काम चालू होतं. ठेकेदाराकडे डंपर, रोलर, खोदाईची मशिनं असा मोठा ताफा होता. त्याच्या वर्कशॉपचा सुपरवायझर कमी बोलणारा आणि लवकर चिडणारा माणूस. पावसाळ्यात हॉर्न बंद पडतात, डंपर मागे घेताना खडी पसरणाऱ्या बायका मागेच असतात आणि त्याला झोप लागत नाही, हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं. जून ते ऑक्टोबर एका डंपरवर तुमचा हॉर्न टिकला तर सगळ्या गाड्यांना तुमचाच, असं ठरलं.

डंपरच्या ड्रायव्हरने डबी हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली. त्याला गाणं हवं होतं. मैत्रीण म्हणाली, गाणं वाजलं तर मागच्या बायका सरकायच्या ऐवजी ऐकत बसतील. तो हसला आणि चेसिसच्या मागच्या टोकाला, चिखल सर्वांत जास्त उडतो तिथे, डबी बसवायला त्याने स्वतः पाना धरला.

त्याच पावसाळ्यात मैत्रिणीला रत्नागिरीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतली कायम नोकरी लागली. दिवाळीच्या आधी हजर व्हायचं होतं. तिचे वडील पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या घराण्यात पगारी नोकरीत गेलेले ते पहिले, आणि त्या नोकरीने घर कसं उभं केलं ते तिने लहानपणापासून पाहिलं होतं. त्यांनी जबरदस्ती केली नाही. गाडीवर हॉर्न टिकला आणि ऑर्डर मिळाली तर राहा, नाहीतर जा, एवढंच म्हणाले. ती गेली असती तर खोलीला कुलूपच लागलं असतं. सर्किट मला वाचता येत होतं, सुचत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये आम्ही पहिल्या एसटीने गगनबावड्याला गेलो. परतीचा पाऊस आदल्या दिवशीपर्यंत होता. रस्ता तांबड्या चिखलाने माखलेला, डंपरही. सुपरवायझर, आम्ही आणि ड्रायव्हर डंपरच्या मागे वाकलो. डबी दिसेना. तिच्या जागी खताच्या जाड पिशवीचं गाठोडं होतं, ट्यूबच्या रबराने घट्ट बांधलेलं.

"हे काय?" सुपरवायझरने विचारलं.

"पावण्यांची वस्तू हाय, साहेब," ड्रायव्हर अभिमानाने म्हणाला. "चिखलात कशी सोडायची? पहिल्या दिवशीच बांधली. एक थेंब लागू दिला न्हाय."

मैत्रीण मटकन दगडावर बसली. सुपरवायझर आमच्याकडे वळला. "पावसाळाभर पिशवीची तपासणी झाली, बाई. हॉर्नची नाही. पुढच्या पावसात या."

पुढच्या पावसात ती रत्नागिरीला असणार होती. ड्रायव्हरचा चेहरा पडला. एवढं जपूनही काय चुकलं, हे त्याला कळत नव्हतं. मी त्याला नोकरीचं सांगितलं. तेवढ्यात मैत्रीण उठली, साडीचा पदर खोचला आणि सुपरवायझरला म्हणाली, "पिशवी काढा. गाडी धुवायचा पंप याच्यावर मारा. मग चिखलात घाला. तुमच्या मनाला येईल ते करा, पण आज करा."

सुपरवायझरने घड्याळ पाहिलं, आम्हाला पाहिलं आणि पंपवाल्याला हाक मारली.

ड्रायव्हरने रबर स्वतः कापलं. पंपाचा फवारा डबीवर इतक्या जोरात बसला की गाडीचा रंग निघेल असं वाटलं. मग त्यानेच खोऱ्याने चिखल थापला आणि डंपर खडीच्या खाणीपर्यंत नेऊन आणला. जाताना एकही खड्डा चुकवला नाही. मुद्दाम खड्डे शोधून त्यांत घातला म्हणा. परत आला तेव्हा डबी कुठे आणि चिखल कुठे ते कळत नव्हतं. कामावरच्या बायका घमेली ठेवून बघायला उभ्या राहिल्या.

सुपरवायझर रस्त्यावर लांब जाऊन डंपरकडे पाठ करून उभा राहिला. हात वर केला.

काहीच वाजलं नाही.

मैत्रिणीने माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी फुटली.

"अवो थांबा की," ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "रिव्हर्स गिअर पडंना झालाय. हॉर्न काय माझ्या मनातलं ओळखणार हाय व्हय?"

खड्‌ असा आवाज झाला आणि पाठोपाठ आमचा हॉर्न. टीं, टीं, टीं, खणखणीत, समोरच्या डोंगरावर आपटून परत येणारा. बायका हसत दोन्ही बाजूंना पळाल्या. सुपरवायझर जागचा हलला नाही. डंपर बराच जवळ आल्यावर तो बाजूला झाला, खिशातून पेन आणि खडीच्या मालाचं चलन काढलं आणि त्या कागदाच्या मागे ताफ्यातल्या सगळ्या गाड्यांची ऑर्डर लिहून सही केली. ड्रायव्हर उतरून म्हणाला की आता बांधायची पिशवी तो जेवणाच्या डब्यालाच बांधील.

आम्ही जवळजवळ पळतच एसटीडी बूथवर गेलो. तिने वडिलांना फोन लावला. मी बाहेर काचेला नाक लावून उभी. ती भराभर बोलत होती, पंप, चिखल, गिअर, सगळं एका दमात. मग ऐकू लागली आणि दार किलकिलं करून चलनासाठी माझ्याकडे हात पसरला. ऑर्डर लेखी आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. तिने ती शब्द न् शब्द वाचून दाखवली, सहीसकट.

फोन ठेवल्यावर ती बाहेर आली नाही. मी दार ढकलून विचारलं, काय म्हणाले.

"म्हणाले, मग रत्नागिरीला आत्ताच कळव. दुसऱ्या कुणाला तरी ती जागा मिळू दे."

आणि तिने दुसरा नंबर फिरवायला घेतला.