सलीमभाईंची संथ सिम्फनी

काल दवाखान्यात नर्सने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि मला जालन्याच्या मस्तगडातलं सलीमभाईंचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान आठवलं. कॅसेट लावण्याआधी ते असाच बोळा टेपच्या हेडवर फिरवायचे.

एका दुपारी आम्ही तिथे एकाच सिम्फनीच्या दोन कॅसेटी घेऊन बसलो होतो, दोन वेगळ्या वाद्यवृंदांच्या. माझी माझ्या टेपवर वाजली, त्यांची त्यांच्या जुनाट टेपवर. त्यांच्याकडची व्हायोलिनं इतकी सावकाश, इतकी खोल उतरत गेली की माझ्या हातातला चहा गार झाला.

"सर, तुमचे लोक बस पकडायला पळून राह्यले," सलीमभाई हसले. "माझ्यावाल्यांना बिलकुल जल्दी न्हाई."

मी हार मानली. तेव्हापासून त्यांच्या टेपवरची तीच कॅसेट आमची आवडती झाली.

काल घरी आल्यावर बोलायला कुणी नव्हतंच. मोबाइलवर त्यांचं ते रेकॉर्डिंग शोधलं. तोच वाद्यवृंद, तोच संचालक. पण वेग माझ्या कॅसेटीइतकाच, आणि सूरही वरचा. म्हणजे सलीमभाईंच्या टेपचा बेल्ट सैल होता, म्हणून तो हळू फिरायचा! आधी रागच आला. अख्ख्या जालन्याचे बेल्ट बदलणाऱ्या माणसाला हे कळलं नसेल? की कळूनच त्यांनी तो बदलला नाही? विचारायला ते आता नाहीत.

मोबाइल बंद केला. आमचं आवडतं रेकॉर्डिंग तसं संथ कुठल्याच वाद्यवृंदानं कधी वाजवलंच नव्हतं. ते ऐकलेली माणसं फक्त दोन, आणि त्यातला मी उरलोय.